आठ सिलिंडरांची बाजू आकड्यांनी मांडू नका

बीएमडब्ल्यूची नवी एम५ ही ताकदवान सलून कार नोव्हेंबर २०२४ मध्ये भारतात आली, तेव्हापासून आमच्या रविवारच्या कंपूत एकच वाद चालू आहे: विजेच्या जमान्यात आठ सिलिंडरांच्या मोठ्या इंजिनाची बाजू घ्यावी का, आणि कशी. आम्ही सहा-सात जण सकाळी फिरणे झाल्यावर इंदूरच्या लोकमान्य नगराजवळच्या एका ठेल्यावर पोहे खायला थांबतो. त्यात दोन निवृत्त बँकवाले आहेत, एक दंतवैद्य आहेत, एक गॅरेजवाला तरुण आहे, आणि तीस वर्षे मुलांना इंजिन शिकवून आता घरी बसलेला मी आहे. आली तेव्हा एक कोटी नव्याण्णव लाखांची असलेली (आणि ती शोरूमची किंमत, रस्त्यावरची नव्हे) ही गाडी आमच्यापैकी कोणीही घेणार नाही. त्यामुळे वादाला खिशाचा लगाम नाही, आणि तो पुरेसा रंगतो.

पहिला आक्षेप वजनाचा, आणि तो आमच्याकडेच काय, जगभरच्या शौकिनांनी घेतला आहे. ४.४ लिटरच्या, दोन टर्बोंच्या (उत्सर्जित वायूंवर फिरून इंजिनात जादा हवा कोंबणारे पंखे) व्ही-८ इंजिनाला, म्हणजे आठ सिलिंडर 'व्ही' आकारात मांडलेल्या इंजिनाला, विजेच्या मोटारीची आणि मोठ्या बॅटरीची जोड दिल्यामुळे ही सलून कार २४३५ किलोंची झाली आहे. आधीच्या पिढीच्या तुलनेत पाच क्विंटलांची भर, म्हणजे छावणीच्या मंडीतली गव्हाची पन्नास किलोंची दहा पोती डिकीत टाकून कायमची हिंडवावीत तसे. आमचा गॅरेजवाला पहिल्याच दिवशी म्हणाला, "सर, ही कार आहे की लोडिंग?" हा शब्द इंदूरबाहेरच्या वाचकांना कदाचित कळणार नाही, आमच्याकडे मालवाहू छोट्या गाडीला नुसते 'लोडिंग' म्हणतात.

त्यावर गाडीच्या बाजूने दंतवैद्यांनी आकडे काढले. इंजिनाची ५८५ आणि मोटारीची १९७ अशी ताकद मिळून एकूण ७२७ अश्वशक्ती आणि १००० न्यूटन मीटर टॉर्क, म्हणजे चाके फिरवण्याचा जोर, होतो. (साध्या बेरजेत ७८२ येतात, पण दोन्ही यंत्रे आपापल्या कमाल ताकदीला एकाच क्षणी पोहोचत नाहीत, म्हणून एकत्रित आकडा कमी असतो, हे मला त्या सकाळी दोनदा समजावून सांगावे लागले.) शून्यापासून ताशी १०० किलोमीटरला ३.५ सेकंद. गॅरेजवाल्याने तत्काळ दाखवून दिले की मागची ६०० अश्वशक्तीची एम५ हाच वेग ३.४ सेकंदांत गाठत होती; म्हणजे सव्वाशे घोडे वाढवून एक दशांश सेकंद गमावला. मग बँकवाल्यांपैकी एकाने, जे अशा वादात सहसा फक्त चहा पितात, शांतपणे विचारले की ती चिनी विजेची गाडी, बीवायडीची सील, हेच काम किती वेळात करते. मार्च २०२४ मध्ये तिची सर्वांत ताकदवान आवृत्ती ५३ लाखांना आली आणि कंपनी ३.८ सेकंद सांगते. म्हणजे जवळजवळ चौपट पैसे देऊन तीन दशांश सेकंद मिळतात.

तिथे दंतवैद्यांचा पक्ष कोसळला, आणि मला वाटते तो कोसळायलाच हवा होता. मोठ्या इंजिनाच्या शौकिनांनी गेली वीस-पंचवीस वर्षे स्वतःचे म्हणणे अश्वशक्ती आणि सेकंद यांच्या भाषेत मांडले, कारण तोपर्यंत ती भाषा त्यांच्या सोयीची होती. मोठे इंजिन म्हणजे जास्त ताकद, हे समीकरण ओघानेच येत असे. आता विजेच्या मोटारीने त्या भाषेतली परीक्षा कमी पैशांत आणि एकही पिस्टन न हलवता उत्तीर्ण करून दाखवली आहे. आपण अजूनही तीच प्रश्नपत्रिका पुढे करत राहिलो तर दर वर्षी नापास होणार, हे उघड आहे.

आकड्यांनी मन भरत नाही याचा पुरावा तर शौकिनांनी स्वतःच दिला आहे. मर्सिडीजने आपल्या एएमजी सी ६३ मधला व्ही-८ काढून फॉर्म्युला वनच्या अनुभवावर बेतलेले दोन लिटरचे चार सिलिंडरांचे इंजिन आणि विजेची मोटार बसवली. एकूण ६८० अश्वशक्ती आणि ३.४ सेकंद, म्हणजे कागदावर ताकदीत आणि सेकंदांत जुन्या गाडीपेक्षा सरस. यंत्र म्हणून ते इंजिन थक्क करणारे आहे. एवढ्याशा पोटातून एकट्याने ४७६ अश्वशक्ती काढणे हे कोणाही इंजिनिअरने टोपी काढावी असे काम आहे. तरीही शौकिनांनी नाके मुरडली. आकडे हीच त्यांची खरी मागणी असती तर त्यांनी या गाडीला डोक्यावर घ्यायला हवे होते.

मग खरी मागणी कशाची होती? गेल्या हिवाळ्यात मला त्याचा थोडा अंदाज आला. इंदूरजवळच्या पीथमपूरला कारखाना असलेल्या एका परिचितांनी ही एम५ घेतली आणि एका पहाटे मला शेजारी बसवून बायपासवर नेले. साडेपाचला कॉलनीतून निघालो तेव्हा गाडी निव्वळ बॅटरीवर होती, फाटकाजवळच्या कुत्र्याने मानही वर केली नाही. पेट्रोलचा थेंब न जाळता ती साठ-पासष्ट किलोमीटर जाऊ शकते, आणि पहिली दहा मिनिटे मी एका अतिशय महागड्या, अतिशय शांत गाडीत बसलो होतो, ज्यात मला विशेष रस वाटत नव्हता. मग त्यांनी मोड बदलला. इंजिन जागे झाले तेव्हा आधी आसनाच्या पाठीतून एक बारीक, एकसंध थरथर आली आणि आवाज नंतर आला. दोन्ही टर्बो व्हीच्या खोबणीत बसवलेले असल्यामुळे उत्सर्जित वायूंचा प्रवास तोकडा, आणि टर्बो फिरायला जो क्षणभराचा उशीर लागतो तो मोटार भरून काढते; त्यामुळे पायाने मागितले आणि गाडीने दिले यांत फटच राहिली नाही. आम्ही वेगमर्यादेच्या आत होतो. वेगाशी त्या आनंदाचा फारसा संबंध नव्हता. आपण मागितल्याच्या कितीतरी पट शिल्लक आहे आणि ते देणारे यंत्र घाईत नाही, ही जाणीव मोठ्या इंजिनाची सलून देते. पंगतीत वाढप्याच्या हातातली भरलेली परात दिसली की पान अर्धे रिकामे असले तरी माणूस निवांत जेवतो, तसे काहीसे.

वजनही जाणवले, ते नाकारत नाही. मागची चाकेही किंचित वळत असल्यामुळे वळणावर ते चतुराईने लपते, पण ब्रेक लावताना आणि बांधकामामुळे उखडलेल्या पट्ट्यावर लपत नाही. त्याची किंमत टायर आणि ब्रेक मोजतात आणि शेवटी मालक मोजतो. हे वजन चालकासाठी वाढवलेलेच नाही. युरोपात कंपनीने विकलेल्या सर्व नव्या गाड्यांचे सरासरी कर्ब उत्सर्जन मोजून मर्यादेबाहेर गेल्यास दंड होतो, आणि प्लग लावून चार्ज होणारी बॅटरी असली की मोठे इंजिनही त्या हिशेबात सोवळे ठरते. ती दहा पोती म्हणजे आठ सिलिंडर जिवंत ठेवण्याचा जकातनाका आहे. जकात भरून माल हाती येत असेल तर मी भरायला तयार आहे, अर्थात दुसऱ्याच्या पैशाने.

इंदुरात मोठ्या इंजिनाचा शौक नवा नाही. महाराजा यशवंतराव होळकर दुसरे यांच्यासाठी १९३५ साली अमेरिकेच्या ड्यूसेनबर्ग कंपनीच्या एसजे चासीवर (गाडीच्या सांगाड्यावर) लंडनच्या गर्नी नटिंगने बॉडी चढवली होती. ओळीतले आठ सिलिंडर, ६.९ लिटर, सुपरचार्जर (इंजिनाच्याच जोरावर फिरून त्यात जादा हवा कोंबणारा) आणि कंपनीच्या दाव्याप्रमाणे ३२० अश्वशक्ती. त्या काळच्या माळव्यातल्या रस्त्यांवर ती ताकद वापरण्याची सोय नव्हती, आणि प्रजेच्या पैशाचा प्रश्न विचारणारे तेव्हाही बरोबरच होते. पण ती गाडी गरजेची आहे असा बहाणा कोणी केला नव्हता. आज आमच्याजवळ पीथमपूरला नॅट्रॅक्स या वाहनचाचणी केंद्राचा ११.३ किलोमीटरचा वेगवान ट्रॅक आहे, ज्याच्या वळणांचा उतारच ताशी २५० किलोमीटरच्या बेताने काढला आहे. एम५ चा वेग कंपनी नेमका तिथेच रोखते आणि जादा पैसे भरले तर ३०५ पर्यंत मोकळा करते. बंद ट्रॅक सोडून हे आकडे कुठेही उपयोगाचे नाहीत. शौक असेल तर तो शौक म्हणूनच सांगावा.

म्हणूनच माझा या गाडीवरचा खरा राग वजनाचा नाही. बायपासवरून परतताना परिचितांनी मोठ्या कौतुकाने सांगितले की केबिनमध्ये ऐकू येणाऱ्या आवाजात स्पीकरमधून सोडलेल्या आवाजाची भर असते. हा प्रकार या घराण्यात २०११ च्या पिढीपासून आहे, हे मला वाचून माहीत होते, पण इतक्या सुंदर इंजिनाशेजारी बसून ते ऐकताना वाईट वाटले. ज्या २००५ च्या एम५ मध्ये दहा सिलिंडर मिनिटाला ८२५० फेऱ्यांपर्यंत चढत, तिला स्पीकरची भीक मागावी लागली नव्हती. आवाज, थरथर, शिल्लक ताकदीचा तो निवांतपणा एवढीच आठ सिलिंडरांची पुंजी उरली असताना त्यातच भेसळ करायची, म्हणजे सराफ्यातल्या दुकानदाराने सोन्याला वरून पिवळा रंग द्यावा तसे झाले.

मी त्यांना तो आवाज बंद करायला लावला. बंद करता येतो, ही त्यातल्या त्यात बरी गोष्ट आहे. त्यानंतर घरापर्यंतच्या वाटेवर जे ऐकू आले ते बरेच हळू होते, आणि मला तेवढे पुरले.