प्रौढांसाठी, नावनोंदणी आवश्यक

सार्वजनिक ग्रंथालयाचे पुढील महिन्याचे कार्यक्रमपत्रक हाती आले की पहिली पाच मिनिटे मनुष्य भाबड्या आनंदात असतो. बालकांसाठी कथाकथन, कुटुंबांसाठी बैठे खेळ, प्रौढांसाठी पुस्तकचर्चा, बागकाम आणि अर्थनियोजन, आणि तेही सारे फुकट! सार्वजनिक ग्रंथालयांविषयी युनेस्कोने १९४९ मध्ये जो जाहीरनामा काढला, त्याच्या २०२२ च्या आवृत्तीतही ही सेवा तत्त्वतः विनामूल्य असावी आणि ग्रंथालयाच्या वेळा वाचकांच्या सोयीच्या असाव्यात, असे म्हटले आहे. सहाव्या मिनिटाला आपण वेळा पाहतो.

पत्रकात लहान मुलांची विभागणी थेट महिन्यांत केलेली असते, त्यामुळे अठरा महिन्यांचे बाळ एका खोलीत आणि त्याची चार वर्षांची ताई दुसऱ्या दिवशी दुसऱ्या खोलीत, असा योग ठरलेला असतो. अठरा वर्षे ओलांडलेला माणूस मात्र थेट मरेपर्यंत ‘प्रौढ’ या एकाच रकान्यात राहतो. त्यातही ज्या तासाला प्रौढांचे अर्थनियोजन, नेमक्या त्याच तासाला बालकांचे कथाकथन असते आणि त्याखाली बारीक अक्षरांत ‘पालकांची उपस्थिती अनिवार्य’ असे छापलेले असते. व्याख्यानाला कोणी जायचे, यावर आमच्या घरी दर महिन्याला सविस्तर चर्चा होते आणि सतरंजीवर मी बसतो.

या सतरंजीवर मांडी घालणे जमते, उठणे जमत नाही. समोर ग्रंथपालबाई हत्तीचे गाणे म्हणत असतात. गाण्यात शब्द सुटा सुटा होऊन येतो, त्यामुळे मुलांच्या कानाला त्यातले ध्वनी वेगळे ओळखू येतात आणि पुढे वाचायला शिकणे सोपे जाते, हे त्यामागचे शास्त्र मला पूर्ण मान्य आहे. परंतु “आईबाबांनीही सोंड हलवायची बरं का!” या आज्ञेमागचे शास्त्र मला अद्याप उमगलेले नाही. माझे चिरंजीव, ज्यांच्यासाठी हा खटाटोप, ते या वेळी दाराच्या बिजागरीचा अभ्यास करत असतात.

नावनोंदणीची तऱ्हा निराळीच. ती सुरू होताच जागा भरतात आणि आपण प्रतीक्षायादीत जातो. प्रत्यक्ष कार्यक्रमाला मात्र निम्म्या खुर्च्या रिकाम्या असतात, कारण फुकटच्या जागेवर नाव घालायला कोणाचे काय जाते? ‘वाचकाचा वेळ वाचवा’ हा ग्रंथालयशास्त्रज्ञ रंगनाथनांचा १९३१ सालचा नियम पुस्तकांच्या मांडणीला उत्तम लागू पडतो. प्रतीक्षायादी त्यांच्या डोळ्यांसमोर नसावी.

गेल्या खेपेस मी दोन्ही हातांची सोंड करून डुलत असताना खिशातला फोन थरथरला. अर्थनियोजनाची एक जागा रिकामी झाली होती आणि दहा मिनिटांत होकार कळवायचा होता. पण नेमके त्याच क्षणी चिरंजीव बिजागरी सोडून माझ्या पाठीवर चढले आणि ग्रंथपालबाई साऱ्या वर्गाला कौतुकाने म्हणाल्या, “बघा, हत्तीवर अंबारी!”