अठ्ठावीस सेकंदांचा चोर

एप्रिलच्या वीजबिलावर ३१८ हा आकडा पाहून मी जेवढा हादरलो, तेवढा माझ्या साखरेचा रिपोर्ट पाहूनही कधी हादरलो नव्हतो. विजेचा दर शंभर युनिटपर्यंत एक असतो, तीनशेपर्यंत दुसरा असतो आणि तीनशे ओलांडले की तिसरा लागतो, जो वाचताना चष्मा पुन्हा पुसून पाहावासा वाटतो. अवघ्या अठरा युनिटांपायी आपण श्रीमंतांच्या पंगतीत जाऊन बसलो, हे मला सहन होईना. रविवारी सकाळच्या चहाला मी घरातली वीजगळती शोधून काढण्याचा संकल्प जाहीर केला. त्यावर पत्नीने "फ्रिजला हात लावायचा नाही" एवढी एकच अट घातली आणि ती पुन्हा वर्तमानपत्रात गढून गेली.

वास्तविक वीजबचतीत मी नवखा नव्हतो. गेले वर्षभर रोज रात्री घरभर फिरून मोबाइलचे चार्जर उपटून ठेवण्याचे व्रत मी निष्ठेने पाळत होतो. नुसता लटकलेला चार्जर अर्धा वॉटसुद्धा खात नाही, हे मुलीने सांगून पाहिले होते. परंतु व्रत फळासाठी करायचे नसते, असे सांगून मी तिला गप्प केले होते.

आमचे सर्व मीटर तळमजल्यावर, पार्किंगमध्ये जिन्याखाली आहेत. प्रत्येक मीटरवर एक लाल दिवा लुकलुकत असतो आणि त्याच्याजवळ बारीक अक्षरांत ३२०० हा आकडा छापलेला असतो. म्हणजे तो दिवा ३२०० वेळा लुकलुकला की एक युनिट खर्ची पडते. या ज्ञानाच्या बळावर, हातात घड्याळ आणि वही घेऊन मी मीटरसमोर उभा राहिलो. पहिली बारा मिनिटे शेजाऱ्यांचा मीटर मोजण्यात गेली, हे मी घरी अद्याप सांगितलेले नाही.

"साहेब, रीडिंगवाला कालच येऊन गेला," वॉचमन म्हणाला. मी त्याला प्रयोजन समजावून सांगितले. त्याने सहानुभूतीने मान हलवली आणि प्लॅस्टिकची खुर्ची आणून दिली.

पत्नी भाजी आणायला बाहेर पडताच मी तिसऱ्या मजल्यावरच्या मुलीला फोन लावून घरातले दिवे, पंखे आणि, देवाची क्षमा मागून, फ्रिजही बंद करायला सांगितले. आता दिवा विझून निपचित पडायला हवा होता. पण तो लुकलुकला. मी घड्याळ लावले. बरोबर अठ्ठावीस सेकंदांनी तो पुन्हा लुकलुकला. वहीत हिशेब मांडला, तर चाळीस वॉट निघाले; म्हणजे सगळे घर झोपलेले असताना कोणीतरी महिन्याला जवळजवळ एकोणतीस युनिट गिळत होते.

मग एकेक संशयित बाजूला काढण्याचे काम सुरू झाले. मुलीने टीव्हीखालचा सेट टॉप बॉक्स बंद केला आणि लुकलुकणे चाळीस सेकंदांवर गेले; म्हणजे बारा वॉटचा एक चोर सापडला. टीव्ही रिमोटने बंद केला तरी हा गृहस्थ रात्रभर टक्क जागा असतो, याची मला कल्पना नव्हती. पुढे तिने राउटर बंद केला आणि त्याच क्षणी आमचे संभाषण तुटले, कारण मी पैसे वाचवण्यासाठी व्हॉट्सॲपवरून फोन केला होता. उरलेला तपास जिन्यातून ओरडून करावा लागल्यामुळे आमच्या घरात काय काय आहे, हे पहिल्या मजल्यापासून तिसऱ्यापर्यंत सर्वांना कळले. सर्वांत मोठा चोर, अठरा वॉटचा, निघाला तो भारनियमनाच्या दिवसांत घेतलेला इन्व्हर्टर. वीज गेली तर उपयोगी पडावे म्हणून तो इतकी वर्षे वीज खात बसला होता. मायक्रोवेव्हच्या घड्याळाला दोन वॉट लागत होते आणि ते घड्याळ वीस मिनिटे मागे होते.

गिझर लावून पाहिला, तेव्हा तोच दिवा सेकंदाला जवळपास दोनदा असा थयथयाट करू लागला, की वॉचमन दोन पावले मागे सरकला. पण गिझरला चोर कसे म्हणावे? तो तर राजरोस दरोडेखोर आहे, आणि त्याला रोज सकाळी आपणच दार उघडतो.

पत्नी परत आली, तेव्हा फ्रिज पुन्हा चालू झालेला होता. फक्त आइस्क्रीमने सगळे सांगून टाकले. तरीही मी दहा रुपयांची नोट फ्रिजच्या दारात धरून दार लावले. नोट ओढल्यावर अडली तर रबर धड, सहज निघाली तर ढिले. आमची नोट न ओढताच खाली पडली. "फ्रिजला ओवाळणी कसली घालतोस रे?" आईने विचारले. या फ्रिजवर पाच तारे आहेत. परंतु ताऱ्यांचे निकष दर काही वर्षांनी कडक होत असल्यामुळे ते आता निवृत्त सुभेदाराच्या पदकांसारखे केवळ आदरापुरते उरले आहेत. रबर मात्र बदलून घेतले.

रात्री मुलीने बिल हातात घेतले आणि थंडपणे सांगितले, "बाबा, वरचा दर फक्त वरच्या अठरा युनिटांना लागतो. खालच्या तीनशेंना जुनाच दर आहे." मी तिला झोपायला पाठवले.

सेट टॉप बॉक्स आता रोज रात्री मुख्य बटणापासून बंद होतो. त्यातून महिन्याला सहा युनिट वाचायला हवे होते. अडचण एवढीच, की पूर्ण बंद केलेल्या त्या डब्याला जागे व्हायला चार मिनिटे लागतात आणि पहिल्याच दिवशी त्या चार मिनिटांत आईच्या आठच्या मालिकेतली सून घर सोडून गेली. तेव्हापासून आई कोणताही धोका पत्करत नाही. ती दुपारी चारलाच डबा सुरू करते आणि तो नीट चालतो की नाही हे दिसावे म्हणून टीव्हीही लावून ठेवते. ऐंशी वॉटचा टीव्ही, चार तास, तीस दिवस, असा हिशेब मी वहीत केला, तर साडेनऊ युनिट आले.

काल संध्याकाळी मी वही घेऊन खाली उतरलो, तर वॉचमनने खुर्ची आधीच मांडून ठेवली होती.