बाईच्या पायाला साधी सँडल का मिळत नाही?

साधी सँडल हवी आहे. मागे पट्टा असलेली, पुढे बोटं मोकळी राहतील अशी, ओल्या फरशीवर न घसरणारी, भिजली तर सकाळपर्यंत वाळणारी. रंग काळा किंवा चॉकलेटी. साडीवर चालेल, पंजाबी ड्रेसवर चालेल, पॅंटवरही चालेल अशी. बाईच्या मापाची. बस, एवढंच. आणि एवढी एक वस्तू अख्ख्या नाशकात मिळू नये, यानं माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली आहे.

मी आणि माझ्या मोठ्या जाऊबाई हंपी-बदामीला निघालो आहोत. दोघीच. सामान आपलं आपण उचलायचं, म्हणून एकेक बॅग आणि चपलेचा एकच जोड, तोही पायातला. हंपी ज्यांनी पाहिलंय त्यांना सांगायला नको. सगळा ग्रॅनाइटचा मुलूख, दिवसभर दगडांवरून चालायचं. मातंग टेकडीच्या वेड्यावाकड्या पायऱ्या चढायच्या. तुंगभद्रेत त्या गोल टोपलीच्या नावेत चढता-उतरताना पाय पाण्यात जाणारच. विरूपाक्षाच्या दारात पायताण काढायचं, दर्शन झालं की पुन्हा घालायचं. बदामीला लेण्यांच्या पायऱ्या आहेतच. आणि संध्याकाळी बऱ्या ठिकाणी जेवायला गेलो तर तेच पायात असणार, तेव्हा ते जरा बरं दिसायला हवं. यात मी कोणती चैन मागतेय ते कोणीतरी मला सांगावं.

मेन रोडपासून सुरुवात केली. दुकानात शिरलं की काउंटरवरचा पोरगा विचारतो, "ताई, पार्टीवेअर की डेलीवेअर?" मी म्हणते, "प्रवासाला. चालायला." तो क्षणभर बघत राहतो आणि खोके काढायला लागतो. पहिल्या खोक्यात पट्ट्यावर खडे. दुसऱ्यात मोती. तिसऱ्यात सोनेरी पट्टी आणि दोन इंच टाच. टाच नको म्हटलं की "हे बघा, एकदम फ्लॅट" म्हणून जे पुढे करतो, त्याचा तळ पापडाइतका. रस्त्यावरचा प्रत्येक खडा त्यातून पायाला कळेल. मागे पट्टा असलेली दाखव म्हटलं तर केसाएवढा नाजूक पट्टा आणि त्याला नखाएवढं बक्कल, जे देवळाच्या दारात गर्दीत वाकून, हातात नारळ-फुलं धरून उघडायचं आहे.

मग ते वाक्य येतं, जे मी शालिमारला ऐकलं, कॉलेज रोडला ऐकलं, गंगापूर रोडच्या एसी शोरूममध्येसुद्धा ऐकलं: "तसं लेडीजमध्ये नाही येत."

कुठून येत नाही? कारखान्यात बनत नाही, की तुमचे मालक मागवत नाहीत? कारण त्याच दुकानात, डाव्या हाताच्या भिंतीवर, वरपासून खालपर्यंत तशाच सँडल टांगलेल्या असतात. रुंद पट्टे, तीन ठिकाणी वेल्क्रो, जाड रबरी तळ, त्याला खोल खाचा, आतमध्ये पायाच्या कमानीला आधार देणारा उंचवटा. काळ्या, चॉकलेटी, मातकट. मला हवी ती सँडल अस्तित्वात आहे हो! डोळ्यांसमोर लटकते आहे! फक्त ती पुरुषांची आहे आणि सहा नंबरापासून सुरू होते. माझा नंबर पाच. जाऊबाईंचा चार.

म्हणजे पुरुष चालतो, डोंगर चढतो, पावसात भिजतो, हे चपला बनवणाऱ्यांना मान्य आहे. बाई मात्र लग्नाच्या हॉलमध्ये खुर्चीवर बसून असते. तिला चालायचं नाही, फक्त पाय दाखवायचे आहेत. अरे, घरात सगळ्यात जास्त चालतं कोण? सकाळी भाजी, दुपारी बँक, संध्याकाळी क्लासला सोडणं-आणणं, कोण करतं हे?

मापाचं तर बोलायलाच नको. सँडल घातली, चवड्याला दोन्ही बाजूंनी आवळते आहे, करंगळी पट्ट्याच्या बाहेर निघाली आहे. "चावते रे ही." "दोन दिवसांत सैल होईल, ताई." चामडं असेल तर थोडं सैल होतं, मान्य. पण हे रेक्झिन! रेक्झिन सैल होत नाही, पाय सोलवटतो, आणि शेवटी ते पट्ट्याच्या मुळाशी फाटतं. मग "एक नंबर मोठी घ्या." आपल्याकडे जो नंबर चालतो तो ब्रिटिश मापाचा, त्यात एका नंबराला लांबी साधारण साडेआठ मिलिमीटरनं वाढते. मला लांबी नकोच आहे, रुंदी हवी आहे. मोठ्या नंबरात चवडा जेमतेम बसतो, पण टाच मागे सरकते, उतारावर पाऊल पुढे घसरतं, आणि पायाच्या कमानीचा उंचवटा भलत्याच ठिकाणी टोचतो. अशा सँडलवर दगडी पायऱ्या उतरायच्या म्हणजे घोटा मुरगळायला आमंत्रण.

आणि हे काही माझ्या एकटीच्या पायाचं दुखणं नाही. चेन्नईच्या केंद्रीय चर्म संशोधन संस्थेनं २०२१-२२ मध्ये देशभरातल्या एक लाखाहून जास्त लोकांची पावलं थ्रीडी स्कॅनरनं मोजली. निघालं काय, तर भारतीय पाऊल साधारणपणे रुंद असतं. त्यावरून भारतीय मापांची 'भा' नावाची वेगळी पद्धतसुद्धा सुचवली. सरकारी संस्थेनं मोजून सांगितलंय की आपली पावलं रुंद आहेत, आणि दुकानातला पोरगा माझ्याच पायाकडे बघून म्हणतो, "ताई, तुमचा पाय जरा पसरट आहे." माझा पाय जसा असायला हवा तसाच आहे! तुमची सँडल अरुंद आहे! खोक्यावर लांबीचा नंबर छापता, मग रुंदीचा छापायला काय होतं?

तळ कशाचा आहे हे विचारलं की उत्तर "भारी आहे, इम्पोर्टेड". इम्पोर्टेड हा काय पदार्थ आहे? ईव्हीए म्हणजे हलका फोम आहे, पीयू म्हणजे पॉलियुरेथेन आहे, रबर आहे, की नुसतं पीव्हीसी, म्हणजे साधं प्लास्टिक आहे, ते सांगा ना. फरक पडतो. ईव्हीए हलकं असतं, बॅगेत वजन होत नाही, पाणी पीत नाही, पण नुसतंच मऊ ईव्हीए असलं तर टाचेखाली दबून बसतं. रबर जड, पण ओल्या दगडाला धरून ठेवतं. पीयू पायाला छान लागतं, पण दमट हवेत वर्षानुवर्षं कपाटात पडलं तर आतून कुजतं आणि एके दिवशी भर रस्त्यात तळाचा भुगा होतो. कितीतरी घरांत हे झालंय, आणि लोक बिचारे समजतात की आपण वापरली नाही म्हणून खराब झाली. प्रवासाला चांगली म्हणजे वर मऊ ईव्हीए आणि खाली रबराचा थर. हे मला पंचवटीतल्या एका मोचीदादांनी समजावून सांगितलं, फुटपाथवर बसून, जुनी सँडल हातात घेऊन, एकेक थर सुटा करून दाखवत. शोरूममधल्या गळ्यात ओळखपत्र अडकवलेल्या एकालाही ते माहीत नव्हतं. मी सँडल हातात घेऊन वाकवून बघायला लागले, बोटांच्या मुळाशी वाकते की मधोमध मोडते, पिळली तर दोरीगत फिरते का, तर मला म्हणतात, "मॅडम, तसं करू नका, खराब होईल." हातानं वाकवून खराब होणारी वस्तू माझ्या वजनाखाली टिकणार आहे का?

हे दुसऱ्या कुठल्या गावात झालं असतं तर एवढा संताप आला नसता. पण हे नाशिक आहे. इथे बारा महिने माणसं चालायला येतात. रामकुंडावरच्या पायऱ्या बघा, सतत ओल्या, कडेला शेवाळं. त्र्यंबकला कुशावर्ताच्या पायऱ्या तशाच. ब्रह्मगिरी चढायचा, वणीच्या गडावर जायचं, पांडवलेण्याच्या पायऱ्या, अंजनेरी. निवृत्तिनाथांची पालखी त्र्यंबकेश्वरहून निघते ती थेट पंढरपूरला चालत जाते, आणि त्या दिंडीत डोक्यावर तुळस घेऊन चालणाऱ्या बायका किती असतात ते डोळे उघडे ठेवून बघा. त्यांच्या पायात काय असतं? रबरी स्लीपर, नाहीतर गेल्या दिवाळीला घेतलेली खड्यांची चप्पल, अंगठ्याला सुतळी बांधलेली. २०२७ चा सिंहस्थ तोंडावर आहे. देशभरातून बायका येतील, घाटावर ओल्या दगडांवरून चालतील. त्यांच्यासाठी या बाजारात काय आहे? खडे आणि मोती!

सल्ले देणारे तर पावलोपावली. कोल्हापुरी घे म्हणतात. कोल्हापुरीवर माझं प्रेम आहे, माझ्याकडे चांगली कापशी आहे, सणावाराला तीच असते पायात. पण ती चामड्याची आहे. पाण्यात घातली की फुगते, वाळली की कडक होते, ओल्या गुळगुळीत फरशीवर तिचा तळ घसरतो. मागे पट्टा नाही, उतारावर अंगठ्यानं धरून धरून पोटरी भरून येते. ती कोरड्या जमिनीसाठी उत्तम आहे आणि तिनं तेवढंच करावं. कोणी म्हणतं बूट घाल. बूट देवळाच्या दारात काढा, मोजे काढा, कशात तरी कोंबा, दर्शन घेऊन या, ओल्या पायावर पुन्हा मोजे चढवा, असं दिवसातून किती वेळा करायचं? साडीखाली बूट घालून जेवायला जायचं? कोणी म्हणतं, क्लॉग घे, ते भोकाभोकांचे. टाच त्यात धरून राहत नाही, चढावर पाय आत फिरतो. हे सगळं मी घालून, चालून बघितलंय, उगाच बोलत नाही.

लेक म्हणते, "आई, ऑनलाइन मागव ना." मागवली. फोटोत रबराचा तळ, आली ती पीव्हीसीची. खाली लोकांची मतं वाचावीत तर "पार्सल वेळेत मिळालं, पॅकिंग छान" आणि पाच तारे! पार्सलचं काय करू मी? पाच किलोमीटर चालल्यावर टाचेला काय होतं ते कोणी लिहितं का? पट्टा भिजल्यावर किती वेळात वाळतो, कोणी लिहितं का? परत पाठवायला गेलं तर "तळ घासलेला दिसतो" म्हणून परत घेत नाहीत. घरातल्या घरात, धुतलेल्या फरशीवर चालून बघितलं तेवढ्यानं तळ घासला म्हणे! न चालता सँडल कळते कशी, हे त्यांनीच सांगावं.

शेवटी मला मिळाली. कुठे मिळाली ते ऐका. मुलांच्या विभागात. शाळकरी मुलांच्या. पाच नंबर, काळी, मागे रुंद पट्टा, वेल्क्रो, रबरी तळ, चवड्याला ऐसपैस. घातली आणि पहिल्या पावलाला कळलं की हीच. वर किंमत खड्यांच्या सँडलपेक्षा कमी! म्हणजे आठवीतल्या मुलाला हा बाजार चालण्याजोगी वस्तू देतो, आणि पन्नाशीच्या बाईनं मागितली की तिला सांगतो, तसं येत नाही. मी ती घेतली. तेव्हापासून रोज संध्याकाळी घालून गोदाघाटापर्यंत चालते आहे, म्हणजे प्रवासात पहिल्याच दिवशी फोड नकोत. ओल्या पायऱ्यांवर एकदाही सटकली नाही. कुठल्याही साडीवर वाईट दिसत नाही. काळा पट्टा आहे, वाईट दिसायला आहे काय त्यात?

पण जाऊबाईंच्या चार नंबरात त्या विभागातही पट्ट्यावर कार्टूनची चित्रं आणि टाचेत लुकलुकणारे दिवे आहेत. त्या अठ्ठावन्न वर्षांच्या आहेत, गुडघा दुखतो, आणि दिवे लावून त्या विरूपाक्षाच्या देवळात जाणार नाहीत. येत्या शनिवारी आम्ही दोघी पुन्हा मेन रोडला जातोय. संध्याकाळी जाणार, कारण दिवसभर उभं राहून पाय थोडे सुजलेले असतात, आणि खरं माप तेच. या वेळी काउंटरवरच्या पोराशी बोलायचं नाही. त्याच्या हातात काही नाही, बिचारा जे खोक्यात आहे तेच दाखवतो. मालकांना बाहेर बोलवायचं, त्यांना डाव्या भिंतीसमोर उभं करायचं, आणि विचारायचं की पुढची ऑर्डर देताना हीच सँडल तीन, चार आणि पाच नंबरात मागवणार की नाही. हो किंवा नाही, एवढंच उत्तर द्या. हो म्हणालात तर दहा जोड आत्ता सांगते, आमच्या भिशीतल्या बायकांची मापं मी लिहूनच आणणार आहे, रुंदीसकट.