खुलासा: कंपोस्टेबल पिशवी कुंडीत १५ दिवसांत नाहीशी होत नाही

‘कंपोस्टेबल पिशवी कुंडीत पुरा, मातीतले जिवाणू १५ दिवसांत फस्त करतात’ असा मेसेज बागकामाच्या ग्रुपांवर फिरतो आहे. तो दिशाभूल करणारा आहे. (कंपोस्टेबल म्हणजे योग्य परिस्थितीत कुजून खत होणारी.)

जिवाणूंचा उल्लेख खोटा नाही. मातीतल्या अमायकोलॅटॉप्सिस गटातले जिवाणू पीएलए, म्हणजे अशा कित्येक पिशव्यांत असणारं, बहुधा मक्याच्या साखरेपासून बनणारं प्लास्टिक, तोडतात हे जपानमधल्या संशोधकांनी १९९७ मध्येच दाखवलं. पण असे जिवाणू प्रत्येक मातीत मुबलक नसतात. शिवाय पीएलए साधारण ५५ ते ६० अंशांखाली कडक राहतं, त्यामुळे पाण्याला आणि जिवाणूंच्या एन्झाइम्सना (पचवणाऱ्या प्रथिनांना) त्याच्या रेणूंच्या साखळ्या तोडणं फार जड जातं. म्हणूनच कंपोस्टेबलपणाची प्रमाणित चाचणी ५८ अंशांच्या आसपास, मोठ्या खतप्रकल्पासारख्या उष्णतेत होते आणि तिथेही मुदत १८० दिवसांपर्यंत असते. कुंडीत एवढी ऊब टिकत नाही.

इंग्लंडमधल्या प्लिमथ विद्यापीठाने २०१९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात कंपोस्टेबल पिशवी २७ महिने मातीत राहूनही शिल्लक होती. वजन पेलण्याइतकी मजबूत नव्हती, पण होती.

पीएचबी या दुसऱ्या बायोप्लास्टिकची, म्हणजे जैविक स्रोतापासून बनणाऱ्या प्लास्टिकची, गोष्ट वेगळी. ते जिवाणू स्वतःच अन्नसाठा म्हणून बनवतात, त्यामुळे मातीतले कित्येक जिवाणू ते पचवतात. मेसेजने सगळी बायोप्लास्टिकं एकाच माळेत ओवली आहेत.

कृपया तो मेसेज पुढे पाठवू नका. पाठवला असेल तर त्याच ग्रुपवर हा खुलासा टाका. पिशव्या पुरल्या असतील तर काढून घ्या, मुळांच्या वाढीला अडथळा होऊ शकतो.