घोडा अकरा फोटो मागे

वरात म्हटलं की आम्हा बडोदेकरांच्या तोंडी आधी 'वरघोडा' येतो. फोटोही आम्ही काढत नाही, 'पाडतो'. गुजरातीचा शेजार, दुसरं काय! तर त्या संध्याकाळी मांडवीजवळच्या एका गल्लीत मी कुणाच्या तरी वरघोड्यातली माणसं बेसावध पाडायला उभा होतो.

शास्त्र मला पाठ होतं. ३५ मिलिमीटरची लेन्स, एफ ८ (म्हणजे लेन्सचं छिद्र बारीक), फोकस ३ मीटरवर ठेवून द्यायचा. साधारण २ ते ७ मीटरमधलं सगळं स्वच्छ येतं, कॅमेऱ्याला डोळासुद्धा लावावा लागत नाही. गल्लीची रुंदी मात्र शास्त्राने मोजली नव्हती. समोरचा ओटा अडीच मीटरवर, वरघोडा मधून. म्हणजे प्रत्येक वऱ्हाडी माझ्यापासून हातभर अंतरावर, घामासकट धूसर.

आणि बेसावध तरी कोण राहतंय? ढोलावर डोळे मिटून नाचणारा एक मुलगा कॅमेरा दिसताच थांबला, केसांतून हात फिरवला आणि दोन बोटं दाखवून उभा राहिला. मागून आणखी सात जण. "भाई, एक अमारो पण पाडो ने!" ट्रम्पेटवाल्याने वाजवणं सोडून टोपी सरळ केली, गाण्याची एक ओळ गळाली. डोक्यावर दिव्यांचं झाड घेतलेल्या बाईने तेवढं वर पाहिलं नाही. मागच्या जनरेटरची वायर ताणू नये म्हणून ती पावलं मोजत चालली होती. तिचा पाडायला वळलो, तर भरजरी शालूतल्या एका काकूंनी खांदा धरून मला फिरवलं. "अहो फोटोवाले, पैसे कशाचे घेता? घोड्याकडे बघा!"

पाडला घोडा.

होमाई व्यारावाला, देशातल्या पहिल्या महिला वृत्तछायाचित्रकार, उतारवयात आमच्याच गावात राहिल्या, २०१२ साली इथेच गेल्या. स्वतःच्या ओठांत सिगारेट धरून एका बाईंची सिगारेट पेटवून देणारे नेहरू त्यांनी विमानात टिपले. 'डिलीट करा' म्हणायची सोय तेव्हा नव्हती, हे नेहरूंचं दुर्दैव.

माझ्या वाट्याला नवऱ्यामुलाचे काका आले. मिठाईच्या दुकानाआड, फेटा मागे सरकलेला, डोळे मिटलेले, कुल्फीचा ओघळ मनगटावरून शेरवानीच्या बाहीत शिरतोय. अंतर बरोब्बर ३ मीटर! संध्याकाळभरातला हा एकच बेसावध माणूस. क्लिक झालं आणि काकांनी डोळे उघडले.

"अहो, तेवढा उडवा. शुगर आहे मला. हिला कळलं तर लग्न राहील बाजूला."

"उडवतो," म्हणालो. मनात नव्हतं, कबूल करतो. पण काकांनी लाच म्हणून माझ्या हातात आणखी एक कुल्फी कोंबली. एका हातात ती, दुसऱ्यात कॅमेरा. डिलीटचं बटण दाबायला बोट उरलं नाही, शटरवरचं तेवढं चुकून तीनदा दाबलं गेलं.

तेवढ्यात त्याच काकू आल्या. काका एकदम घोड्याच्या शेपटीचं निरीक्षण करू लागले, तेव्हा नातं लक्षात आलं.

"बघू, घोडा कसा आलाय?" म्हणत काकूंनी कॅमेरा काढूनच घेतला आणि एकेक फोटो मागे जाऊ लागल्या.

घोडा अकरा फोटो मागे होता. कुल्फी तीन.