जागा नाही

ऑक्टोबरात आम्ही दोघं तीन रात्री हे-ऑन-वायला राहून आलो. बर्मिंगहॅमहून गाडीने दोनेक तास. इंग्लंड-वेल्सच्या सीमेवर, वाय नदीच्या काठी, दोन हजारांच्या आतबाहेर वस्तीचं गाव. रेल्वे होती, ती १९६२च्या अखेरीस बंद पडली. त्याच सुमारास रिचर्ड बूथ नावाच्या एका अवलियाने तिथे जुन्या पुस्तकांचा धंदा मांडला आणि बघता बघता गल्लीबोळांत दुकानं झाली. १९७७च्या १ एप्रिलला त्याने गाव स्वतंत्र झाल्याचं जाहीर करून स्वतःलाच राजा केलं, आणि घोड्याला पंतप्रधान. सातारा जिल्ह्यातलं भिलार २०१७ साली ‘पुस्तकांचं गाव’ झालं, ते याच गावाकडे बघून.

पण मला पुस्तकांबद्दल लिहायचं नाही. आम्ही उतरलो होतो त्या घराबद्दल लिहायचं आहे, कारण निघायच्या आदल्या दिवसापर्यंत सासरच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर घरावरूनच भांडण पेटलं होतं.

सासर आंजर्ल्याचं. चौसोपी घर, मागे नारळी-पोफळी, राहायला दीर आणि जाऊबाई, दोघंच. पुण्यात आयटीत असलेल्या पुतण्याचं म्हणणं, होमस्टे काढू. आठ खोल्या, एसी, विहिरीशेजारी छोटा स्विमिंग पूल. चुलत सासऱ्यांचं म्हणणं, पूर्वजांच्या घराचं लॉज करायचं नाही, शनिवार-रविवारी किनाऱ्यावर गाड्या घालणारी माणसं अंगणात नकोत. एकीकडे ‘पर्यटनाशिवाय कोकणाला तरणोपाय नाही’, दुसरीकडे ‘पर्यटनाने कोकणाचा उकिरडा केला’. मग पुतण्याने मला टॅग केलं : काकू, तुम्ही तिकडे बी अँड बीमध्ये, म्हणजे बेड अँड ब्रेकफास्टवाल्या घरात, राहता ना? सांगा यांना.

सांगते. घर दगडी, दुमजली. पाहुण्यांना खोल्या तीन. मालकीणबाई साठीच्या पुढच्या, दारात चिखलाचे बूट, मागे म्हातारं कुत्रं. यायची वेळ चार ते सहा. हातात दोन किल्ल्या दिल्या, जिना दाखवला आणि बाई आपल्या कामाला गेल्या. खोलीत किटली, चहाच्या पुड्या, दोन बिस्किटं. उशीवर एक चिठ्ठी : सकाळी काय खाणार त्यावर खुणा करून रात्री दाराबाहेर ठेवा. न्याहारी आठ ते सव्वानऊ. दुपारी आणि रात्री काय खायचं ते तुमचं तुम्ही बघा, बाजार खाली आहे.

बाजार नेमका गुरुवारचा, आणि आमच्याकडे गुरुवार म्हणजे शाकाहार. नवऱ्याने अंडं-सॉसेजवर फुली मारली आणि लेव्हरब्रेडवर खूण केली, ब्रेड आहे म्हणून. सकाळी ताटात आला समुद्री शेवाळाचा हिरवट-काळा लगदा. त्याने निमूट खाल्ला. बाईंनी विचारलं, कसं वाटलं? हा म्हणाला, आमच्याकडे समुद्र आहे, पण हे कुणाला सुचलं नाही.

बाकी दिवसभर काही नाही. पाऊस, किल्ल्याच्या आवारात उघड्यावर मांडलेली पुस्तकं, पैसे आपणच पेटीत टाकायचे. दुपारी झोप. लग्नाला चोवीस वर्षं झाली, आम्ही दोघं एका दुपारी एकाच वेळी झोपलो असं कधी झालं होतं आठवत नाही. कुणी दार वाजवलं नाही. कुणी ‘आणखी घ्या’ म्हटलं नाही. आराम म्हणतात तो एवढाच होता.

तिसऱ्या दिवशी खाली आले तर बाई खिडकीतली पाटी फिरवत होत्या : जागा नाही. शेजारची खोली तर सकाळीच रिकामी झालेली. मी बघतेय म्हटल्यावर म्हणाल्या, मुलगी येतेय, शनिवार-रविवार मला कुणी नको.

माझं सगळं म्हणणं त्या पाटीत आहे. इथे मालक त्याच घरात राहत असेल आणि एका वेळी सहापेक्षा जास्त पाहुणे ठेवणार नसेल, तर त्या घराला धंद्याचा कर लागत नाही, घराचाच लागतो. राहत्या घरातल्या खोलीचे वर्षाला ७,५०० पौंडांपर्यंतचे पैसे करमुक्त. म्हणजे घर आधी घर राहावं, ही सोय नियमातच आहे. (इथे सगळं आलबेल आहे असं नाही. शहरातल्यांनी सुट्टीसाठी घरं घेऊन ठेवल्याने वेल्समधल्या कितीतरी गावांत तिथल्याच पोरांना घर परवडेना. म्हणून २०२३पासून अशा दुसऱ्या घरांवर तिप्पट जादा कर लावायची मुभा नगरपालिकांना दिली. मुंबई-पुण्याच्या सात-बाऱ्यांनी भरलेल्या कोकणाला यात नवल वाटणार नाही.)

आपल्याकडे सरकारी योजनाही ‘निवास व न्याहारी’ या नावाचीच आहे. पण कोकणातला पाहुणा न्याहारीवर भागवतो कुठे? सकाळी घावन, दुपारी सुरमई, चारला चहा-भजी, रात्री सोलकढी, ‘वहिनी, उद्या मोदक होतील का?’ आणि अकरा वाजता आणखी दोन भाकऱ्या. हे सगळं ‘घरगुती’. घरगुती म्हणजे कुणीतरी बाई चुलीपुढून उठत नाही, आणि तिचा पगार हिशोबात कुठेच धरलेला नाही. पुतण्याच्या एक्सेलमध्ये एसीचं बिल होतं, पूलवाला होता, साइटचं कमिशन होतं. जाऊबाई नव्हत्या. चुलत सासऱ्यांच्या पूर्वजांतही नव्हत्या. दीडशे मेसेजांत त्यांना कुणी विचारलं नव्हतं. आणि मीही, मे महिन्यात आठ दिवस जाऊन आयतं जेवणारी, त्यात आलेच.

परत आल्यावर ग्रुपवर एवढंच लिहिलं : वहिनी, तुम्हाला किती जमेल? पुतण्याने अंगठा टाकला, चुलत सासऱ्यांनी हात जोडले. जाऊबाईंचं दोन दिवस काही नाही. एरवी त्या ग्रुपवर एकादशीचा विठोबा सोडून काही टाकत नाहीत.

तिसऱ्या दिवशी आला मेसेज. ‘दोन खोल्या. सकाळचं घावन देईन, जेवण नाही. गणपतीत बंद.’