सेंटओएस फुकट होतं म्हणून बुडालं नाही

सर्व्हर सांभाळणाऱ्यांच्या ग्रुपांवर एक मजकूर सारखा फिरत असतो. शब्द थोडेफार बदलतात, आशय तोच: ‘सेंटओएसने धडा दिला. फुकटच्या ऑपरेटिंग सिस्टीमवर धंदा चालवू नका. पैसे मोजा आणि रेड हॅट घ्या, नाहीतर डोळे झाकून उबंटू टाका. रॉकी आणि अल्मा एकाच माळेचे मणी; रेड हॅटने सोर्स कोंडल्यावर दोन्ही आज ना उद्या संपणार. यातलं काहीच जमत नसेल तर सेंटओएस ७ आहे तसं राहू द्या, फायरवॉलमागे त्याला काही होत नाही.’

सेंटओएस म्हणजे सर्व्हरवर चालणारी फुकट लिनक्स सिस्टीम; रेड हॅट ही लिनक्स विकणारी कंपनी, उबंटू हे दुसऱ्या कंपनीचं लिनक्स, आणि रॉकी व अल्मा हे सेंटओएसच्या जागी आलेले फुकट पर्याय. हा मजकूर वाचून लोक खरोखर निर्णय घेतात, आणि ते निर्णय पुढची सात-आठ वर्षं निस्तरावे लागतात. म्हणून एकेक मुद्दा घेऊ.

‘फुकट होतं म्हणून बुडालं’

आधी झालं काय ते पाहू. रेड हॅटच्या एंटरप्राइज लिनक्सचा सोर्स (मूळ कोड) घ्यायचा, त्यातली रेड हॅटची नावं-चिन्हं काढायची, तोच कोड पुन्हा बिल्ड करायचा (म्हणजे त्यातून चालणारी सिस्टीम तयार करायची) आणि फुकट वाटायचा, एवढंच सेंटओएसचं काम. जानेवारी २०१४ मध्ये रेड हॅटने हा प्रकल्प आपल्या छत्राखाली घेतला. ट्रेडमार्क रेड हॅटकडे गेला, मुख्य मंडळी रेड हॅटच्या पगारावर गेली. तेव्हा बहुतेकांनी टाळ्याच वाजवल्या, कारण त्याआधीचे हाल लोक विसरले नव्हते. रेड हॅटची ६वी आवृत्ती नोव्हेंबर २०१० मध्ये आली आणि सेंटओएस ६ यायला जुलै २०११ उजाडला. त्याहीआधी, २००९ मध्ये, प्रकल्पाचं डोमेन आणि देणग्यांचं खातं ज्या एका माणसाच्या हातात होतं तोच संपर्काबाहेर गेला, आणि बाकीच्या डेव्हलपरांना त्याला जाहीर पत्र लिहावं लागलं. काही दिवसांत तो प्रश्न सुटला, पण सगळा डोलारा किती बारीक खांबावर उभा होता ते दिसलं.

सप्टेंबर २०१९ मध्ये सेंटओएस ८ आलं. २०२९ पर्यंत पॅच (दोष बुजवणारे अपडेट) मिळणार, असं प्रकल्पानेच जाहीर केलं होतं. ८ डिसेंबर २०२० ला ती तारीख बदलली: ८ची मुदत ३१ डिसेंबर २०२१ ला संपेल, पुढे फक्त सेंटओएस स्ट्रीम, म्हणजे रेड हॅटच्या पुढच्या आवृत्तीत येणारे बदल आधी दाखवणारी सिस्टीम. ७ची मुदत मात्र जूनअखेर २०२४ पर्यंत तशीच. म्हणजे ज्यांनी शहाण्यासारखं वेळेत ८ वर उडी मारली त्यांच्या हातात वर्षभर उरलं, आणि ज्यांनी आळस केला ते साडेतीन वर्षं निवांत. आमच्या धंद्यात आळसाला इतकं घसघशीत बक्षीस क्वचितच मिळतं.

आता यात पैशाचा संबंध कुठे आला? तारीख बदलता आली, कारण नाव, पायाभूत यंत्रणा आणि माणसं एकाच कंपनीच्या हातात होती. पैसे भरणाऱ्यांचं असं होत नाही म्हणावं, तर एका यंत्रावर अनेक आभासी सर्व्हर चालवणारं सॉफ्टवेअर विकणाऱ्या व्हीएमवेअरचं ताजं उदाहरण समोर आहे. ब्रॉडकॉमने नोव्हेंबर २०२३ मध्ये ती कंपनी घेतली आणि पुढच्याच महिन्यात कायमस्वरूपी लायसन्सची विक्री बंद केली. ज्यांनी वर्षानुवर्षं रोख मोजली तेच सगळ्यात जास्त अडकले. त्याहून जुनं पाहायचं तर एससीओ कंपनीचं युनिक्स (तीही एक ऑपरेटिंग सिस्टीम). आपल्याकडच्या कितीतरी बँकशाखांत ते रीतसर विकत घेऊन चालत होतं. कंपनीने सप्टेंबर २००७ मध्ये दिवाळखोरीचा अर्ज केला. उलट डेबियन हे स्वयंसेवकांनी चालवलेलं लिनक्स १९९३ पासून फुकट आहे आणि आजही वेळेवर पॅच देतं.

तेव्हा ‘किती पैसे पडतात’ हा प्रश्न दुय्यम. पहिला प्रश्न हा, की मुदतीची तारीख एकटं कोण बदलू शकतं? ट्रेडमार्क कोणाचा, पॅकेजांवर (तयार प्रोग्रॅमांच्या गठ्ठ्यांवर) डिजिटल सही करण्याच्या किल्ल्या कोणाकडे, बिल्डची यंत्रं कोणाच्या बिलावर चालतात, आणि उद्या ती कंपनी विकली गेली तर? याचं उत्तर अर्ध्या तासात शोधता येतं. ‘कम्युनिटीचं आहे’ एवढ्या उत्तरावर समाधान मानू नये. २००९ मध्येही ते कम्युनिटीचंच होतं.

‘पैसे मोजा आणि रेड हॅट घ्या’

काहींसाठी हा सल्ला बरोबरच आहे. एसएपी हाना (एसएपी कंपनीचा डेटाबेस) चालवत असाल तर रेड हॅट किंवा सुसे (दुसरं विकतचं लिनक्स), तिसरा पर्याय नाही. तुमच्या सॉफ्टवेअरचा विक्रेता ‘आमच्या यादीतली सिस्टीम नसेल तर तिकीट उघडू नका’ म्हणत असेल तर वाद घालण्यात अर्थ नाही, सबस्क्रिप्शन घ्या.

पण हा सल्ला सरसकट देणारे एक गोष्ट सांगत नाहीत. सेंटओएसवरचे बहुतांश सर्व्हर सपोर्टच्या फोनसाठी नव्हतेच. टेस्टिंग, बॅकअप, अंतर्गत विकी, साध्या वेबसाइटी, बिल्ड यंत्रं असा सगळा माल होता तो. २०२१ च्या जानेवारीत रेड हॅटने डेव्हलपर सबस्क्रिप्शनवर १६ यंत्रांपर्यंत फुकट वापर खुला केला, प्रॉडक्शनसकट. मात्र ते व्यक्तीच्या नावावर मिळतं. कंपनीने एका कर्मचाऱ्याच्या नावावर सोळा सर्व्हर टाकले आणि तो नोकरी सोडून गेला, की मग बसा शोधत.

‘डोळे झाकून उबंटू’

उबंटू चांगलं आहे. डोळे झाकणं चांगलं नाही.

उबंटूच्या एलटीएस (दीर्घ मुदतीच्या) आवृत्तीला पाच वर्षं फुकट पॅच मिळतात, पण ती खात्री ‘मेन’ विभागातल्या पॅकेजांची. ‘युनिव्हर्स’ नावाचा जो प्रचंड मोठा विभाग आहे, त्याचे सुरक्षा पॅच नेमाने हवे असतील तर उबंटू प्रो (वर्गणीची सेवा) लागतं. तेच घेतलं की मुदत दहा वर्षांवर जाते. वैयक्तिक आणि छोट्या व्यावसायिक वापराला पाच यंत्रांपर्यंत ते फुकट, त्यापुढे पैसे. आणि ते विकणारी कॅनॉनिकल हीसुद्धा एक खाजगी कंपनीच. सेंटओएसच्या अनुभवाने पोळून उबंटूकडे धावणाऱ्याने निदान हे तरी लक्षात घ्यावं, की मालकाचं नाव बदललं, मालक असणं बदललेलं नाही. एका मालकाची भीती हेच कारण असेल तर सरळ डेबियन घ्या. तिथे एका आवृत्तीला एलटीएस धरून पाच वर्षं मिळतात, म्हणजे दर चार-साडेचार वर्षांनी अपग्रेडची तयारी ठेवायची.

दुसरा खर्च घराण्याच्या बदलाचा. पॅकेज टाकणारी यम आणि डीएनएफ ही साधनं जाऊन एपीटी येतं हे सगळ्यांना माहीत असतं. त्रास छोट्या गोष्टींचा होतो. वेब सर्व्हरच्या सर्व्हिसचं नाव एचटीटीपीडी होतं, ते अपाची-टू होतं. एसईलिनक्सचे (कोणत्या प्रोग्रॅमने कशाला हात लावायचा ते ठरवणारे) वर्षानुवर्षं जमवलेले नियम कुचकामी, कारण इथे त्या कामाला ॲपआर्मर. सिस्टीमचा लॉग ‘मेसेजेस’ नावाच्या फाइलमध्ये जायचा, तो आता ‘सिसलॉग’मध्ये जातो. तुमची मॉनिटरिंगची स्क्रिप्ट जुनीच फाइल चाळत बसली असेल, आणि फाइल नसणं म्हणजे चूक नसणं असं धरून चालत असेल, तर डॅशबोर्ड हिरवागार दिसेल. महिनाभर कुणाला पत्ता लागणार नाही. स्क्रिप्टा कमी आणि कंटेनर (प्रोग्रॅम त्याच्या लवाजम्यासकट बांधलेले डबे) जास्त असलेल्या दुकानात हे फारसं जाणवत नाही. दहा वर्षांच्या शेल स्क्रिप्टा आणि त्या लिहिणारा माणूस केव्हाच दुबईला गेलेला, अशा दुकानात फार जाणवतं.

ओरॅकलचा डेटाबेस असेल तर हा प्रश्नच निकालात निघतो. तो उबंटू किंवा डेबियनवर प्रमाणित नाही. त्याच्यासाठी ओरॅकल लिनक्स आहे. तेही उतरवून घ्यायला आणि अपडेट करायला फुकटच आहे, हे ओरॅकलच्या नावाने बोटं मोडणारे बरेचजण विसरतात.

‘रॉकी आणि अल्मा एकाच माळेचे मणी, दोन्ही संपणार’

इथे मजकूर सगळ्यात जास्त घसरतो.

रॉकीची घोषणा सेंटओएस ८ची मुदत घटल्याच्या बातमीच्याच दिवशी झाली. करणारे ग्रेगरी कर्ट्झर, सेंटओएसच्या संस्थापकांपैकी एक. नाव दिलं ते दिवंगत सहसंस्थापक रॉकी मॅकगॉ यांचं. अल्माच्या मागे क्लाउडलिनक्स ही होस्टिंग कंपन्यांना सिस्टीम पुरवणारी कंपनी होती. तिने वर्षाला दहा लाख डॉलर घालायचं कबूल केलं आणि प्रकल्प एका ना-नफा फाउंडेशनच्या हाती दिला. अल्माची पहिली आवृत्ती मार्च २०२१ मध्ये आली, रॉकीची त्या जूनमध्ये. रॉकीची संस्था कायद्याने कॉर्पोरेशन आहे, लोकहिताचा उद्देश लिहिलेली, पण कॉर्पोरेशन. आणि तिला आधार देणारी सीआयक्यू ही कर्ट्झर यांचीच कंपनी. म्हणजे वर जो पहिला प्रश्न विचारला, त्याचं दोघांचं उत्तर वेगवेगळं येतं. माझा कौल या मुद्द्यावर अल्माला आहे. रॉकी वाईट म्हणून नाही. सत्ता जास्त हातांत वाटलेली मला बरी वाटते म्हणून.

जून २०२३ नंतर दोघांच्या वाटा आणखी फाकल्या. रेड हॅटने सोर्स सर्वांसाठी मांडणं थांबवलं. तो ग्राहकांना पोर्टलवर आणि बाकी जगाला सेंटओएस स्ट्रीमच्या रूपाने. ‘हा जीपीएलचा (लिनक्सच्या खुल्या परवान्याचा) भंग’ अशी बोंब झाली. पण जीपीएल सांगतं ते इतकंच, की ज्याला बायनरी (चालवण्याजोगा तयार प्रोग्रॅम) दिली त्याला सोर्स द्या. तेवढं रेड हॅट देतं. तो सोर्स पुढे वाटलात तर सबस्क्रिप्शन काढून घेऊ, ही करारातली अट मात्र खो घालणारी आहे, आणि तिच्यावरचा राग रास्त आहे.

मग काय झालं? रॉकीने सार्वजनिक कंटेनर इमेज आणि तासावर भाड्याने मिळणारे क्लाउड सर्व्हर यांतून सोर्स मिळवायचा मार्ग काढला आणि हुबेहूब प्रतीचा हट्ट ठेवला. अल्माने तो हट्ट सोडला. रेड हॅटवर चालणारा प्रोग्रॅम आमच्यावर चालेल एवढी हमी, बाकी आम्ही मोकळे, अशी भूमिका घेतली. ऑगस्टमध्ये ओरॅकल, सुसे आणि सीआयक्यू यांनी मिळून ओपनईएलए काढलं, सोर्स सामाईक ठेवण्यासाठी. एकमेकांचे गळे धरणारी मंडळी एका टेबलावर बसली ती रेड हॅटमुळे! ‘संपणार’ म्हणून २०२३ मध्ये ज्यांचं बारावं घातलं गेलं, त्या दोघांच्याही १०व्या आवृत्त्या २०२५ मध्ये आल्या.

अल्माच्या मोकळेपणाचा एक रोख फायदा तर लगेच दिसतो. रेड हॅट १० ला प्रोसेसर साधारण इंटेलच्या २०१३ च्या हॅसवेल पिढीचा किंवा नंतरचा लागतो. रॉकी १० चंही तसंच. अल्माने जुन्या प्रोसेसरांसाठी वेगळं बिल्ड ठेवलं आहे. आपल्याकडे कोपऱ्यातल्या रॅकमध्ये जे सर्व्हर घरघरत असतात त्यांचं वय पाहता ही बारीकसारीक गोष्ट नाही.

आणि सर्न, ती युरोपातली कणभौतिकीची प्रयोगशाळा? सेंटओएसची लाट फिरल्यावर त्यांनी आधी स्ट्रीम वापरून पाहिलं, मग डिसेंबर २०२२ मध्ये अमेरिकेतल्या फर्मीलॅबच्या साथीने प्रयोगांसाठी अल्माची शिफारस केली. सायंटिफिक लिनक्स नावाचं स्वतःचं क्लोन जन्माला घालणाऱ्या संस्था आहेत या. फुकट म्हणून फसणाऱ्यांतल्या नव्हेत.

‘सेंटओएस ७ राहू द्या, फायरवॉलमागे काही होत नाही’

या विधानाला बळ मिळालं एका योगायोगाने. ३० जून २०२४ ला ७ची मुदत संपली आणि दुसऱ्याच दिवशी सर्व्हरवर दुरून लॉगिन करायच्या ओपनएसएसएचमधलं ‘रेग्रेएसएसएचियन’ हे भगदाड जाहीर झालं. सेंटओएस ७ सुरक्षित निघालं, कारण त्यातलं ७.४ हे व्हर्जन इतकं जुनं, की तो दोष पुन्हा शिरला त्याच्या आधीचं. ‘बघा, जुनं ते सोनं!’ असे मेसेज आले. त्या आठवड्यात ते खरंही होतं. पण पुढचा दोष जुन्या कोडमधला निघाला तर तो बुजवायला कुणी येणार नाही, आणि फायरवॉलच्या आतून, कुणाच्या तरी लॅपटॉपवरून शिरणाऱ्याला फायरवॉल अडवत नाही.

खरं म्हणजे हॅकरच्या आधी बाकीचं जग तुम्हाला सोडून जातं. मुदत संपताच मिररची (पॅकेजं ठेवणाऱ्या सर्व्हरांची) यादी देणारा पत्ता बंद झाला. साधं पॅकेज टाकायला गेलं की यम ‘होस्ट सापडत नाही’ म्हणून हात वर करतं, आणि मग रेपोच्या (पॅकेजं कुठून घ्यायची ते सांगणाऱ्या) फायली व्हॉल्टकडे, म्हणजे जुन्या आवृत्त्यांच्या कोठाराकडे, वळवायच्या. जीलिबसी (बहुतेक प्रोग्रॅमांना लागणारी मूळ लायब्ररी) २.१७ असल्यामुळे जावास्क्रिप्ट चालवणाऱ्या नोड १८ चे तयार बिल्ड चालत नाहीत. २०२४ च्या सुरुवातीला व्हीएस कोड या कोड लिहायच्या एडिटरच्या १.८६ आवृत्तीने जीलिबसी २.२८ ची अट घातली, आणि रात्रीत असंख्य डेव्हलपरांचं सर्व्हरशी रिमोट जोडणं तुटलं. आरडाओरडा झाल्यावर वर्षभराची सवलत मिळाली, तेवढंच.

अगदीच हलता येत नसेल तर पैसे मोजून ७चे पॅच देणाऱ्या कंपन्या आहेत. ते भाडं समजून भरावं, आणि भाड्याचा काळ हलण्याची तयारी करण्यात घालवावा.

हलणं वाटतं तितकं भयंकर नाही. ८ वरून अल्मा किंवा रॉकीवर जायला त्यांच्याच स्क्रिप्टा आहेत; रेपो आणि पॅकेजं बदलतात, डेटा जागेवर. ७ वरून ८ ला न्यायला अल्माचं एलेव्हेट हे साधन आहे, रेड हॅटच्याच लीप या साधनावर उभारलेलं. आधी तपासणी चालवा. ती अहवाल देते आणि अडणाऱ्या गोष्टी लाल करून दाखवते. बहुतेकांना पहिल्यांदा एका जुन्या पॅम (लॉगिन तपासणाऱ्या) मॉड्यूलबद्दल विचारलं जातं, जे कुणी कधी वापरलेलंच नसतं. उत्तरांच्या फाइलमध्ये ‘होय, काढा’ लिहायचं आणि पुढे जायचं.

खरी मेख अहवालातल्या ड्रायव्हरच्या ओळीत असते. रेड हॅटने ८ मधून बऱ्याच जुन्या डिस्क कंट्रोलरांचा (डिस्का जोडणाऱ्या कार्डांचा) आधार काढून टाकला. डेलची पर्क एच७०० आणि एच३१० ही आपल्याकडे सेकंडहँड बाजारातून आलेल्या सर्व्हरांत हमखास सापडणारी कार्डं त्यात आहेत. ७ वर ती गुण्यागोविंदाने चालतात. ८ चा इन्स्टॉलर त्याच यंत्रावर सुरू केला तर एकही डिस्क दिसत नाही, आणि माणूस केबली हलवत बसतो. ईएलरेपो या पॅकेजांच्या संग्रहाकडे त्यांचे ड्रायव्हर मिळतात, पण ते आधी पेनड्राइव्हवर घेऊन बसायला हवं. तेव्हा कुठलं लिनक्स, यावर भांडण्यापूर्वी प्रत्येक यंत्रावर एलएसपीसीआय ही जोडलेली कार्डं दाखवणारी कमांड चालवून कार्डाचं मॉडेल एका शीटमध्ये उतरवून घ्या.